एकोणीस ठराव आणि अर्धा नारळ

१

"चोरी! चोरी झाली हो! आपल्या विज्ञानाची चोरी झाली!"

सकाळी साडेसातला ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून अण्णासाहेब असे काही ओरडले, की समोरची पिठाची गिरणी बंद पडली आणि दाढी करून घेत बसलेला एक जण अर्ध्या साबणासकट पळत आला. अण्णासाहेब म्हणजे 'ऊर्जा संशोधन संस्था मागणी कृती समिती, खडकटाकळी' या समितीचे अध्यक्ष. समितीचं नाव एका दमात घेणारा गावात तेवढा एकच माणूस, म्हणून अध्यक्षपद बिनविरोध.

गेला होता तो बस्ता. लाल कपड्यात बांधलेला. आत एकोणीस गावांच्या ग्रामसभांचे अस्सल ठराव, सह्यांचे, अंगठ्यांचे, शिक्क्यांचे. सगळ्यांत एकच मागणी, की संस्था आपल्या परतूर तालुक्यात, खडकटाकळीच्या गायरानावर व्हावी. प्रत्येक ठराव लांब पाकिटात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव. ते अक्षर बेबीनंदाचं.

बेबीनंदा वीज कंपनीत लाईनमन. बाई असली तरी कागदावर लाईनमनच. नवरा खांबावर काम करताना गेला, त्याच्या जागेवर ही लागली, त्याला अठरा वर्षं झाली. आजूबाजूच्या एकोणीस गावांत कुणाचा मीटर पळतो आणि कुणाचा आकडा टाकून झोपवलेला असतो, हे तिला तोंडपाठ. म्हणून ठराव गोळा करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. ती चार महिने फिरली. तिची पोरगी अर्पिता पुण्यात सौर बॅटऱ्यांवर शिकत होती आणि फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, संस्था झाली तर मी गावाकडं येते. न्हाई झाली तर बाहेरच्या देशात बघावं लागंल." त्यानंतर बेबीनंदाच्या पायाला थकवा असा आलाच नाही.

आज अकराला संस्थेसाठी जागा बघणारं सरकारी पथक येणार होतं. अस्सल ठराव समोर ठेवले तर गाव यादीत, नाही ठेवले तर बाद. मग बारा वाजता पथकाची गाडी दुसऱ्या जिल्ह्याकडे.

बेबीनंदानं कपाट पाहिलं. कुलूप जागच्या जागी, कडी धड, ओरखडा नाही. "किल्ल्या किती?"

"दोन," अण्णासाहेब म्हणाले. "एक माझ्याकडं, एक सेक्रेटरीकडं." मग ते जमलेल्या लोकांकडे वळले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पण बाई, राग धरू नका. बस्ता सोडून आतले कागद कुणी बघितले होते का? एकोणीसच्या एकोणीस गावांनी खरंच दिल्ते ना?"

ओट्याखाली कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "तेबी खरं हाये." बेबीनंदानं कमरेचा पकडींचा पट्टा आवळला.

"अण्णासाहेब, साडेतीन तास हायेत. बस्ता मी आणते. आणि ज्यानं नेला त्यालाबी आणते."

अण्णासाहेबांना एकदम खोकला आला.

२

सेक्रेटरी राधेश्यामचं दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज, वह्या आणि लाल कपडा. दप्तराला लागो, लग्नाला लागो की देवीला, गावात लाल कपडा एकाच ताग्यातून फाडला जायचा आणि तो तागा राधेश्यामचा. आज त्यानं नवंकोरं निळं जॅकेट घातलं होतं. बाहेर चाळीसच्या वर ऊन चढणार होतं, तरी गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"मी बिलकुल बेकसूर हाये बाई," तो विचारायच्या आतच म्हणाला. "काल दुपारी तीनला मीच बस्ता काढला. पाच वाजेपर्यंत एकेक कागदाची झेरॉक्स मारली. मंग बस्ता बराबर जागेवर ठेवला. म्हंजे पाचपर्यंत तर होता!"

"झेरॉक्स दाखव."

"त्या... पॅकिंगमध्ये हायेत."

"राधेश्याम, काल दोन ते सहा गावात लाईट नव्हती."

"असं कसं? होती की!"

"मी स्वतः बंद केल्ती. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गळत होतं. चार तास मी वर आणि लाईट खाली, असं चाललं होतं. तुझी मशीन कशावर चालली? इन्व्हर्टरवर तर तुझा पंखासुद्धा फिरत न्हाई, मागच्या महिन्यात मीच बघितला."

राधेश्यामनं जॅकेटचं वरचं बटण सोडलं. मग दुसरं. मग खुर्चीत बसला.

"काल परतूरला गेल्तो," तो पडक्या आवाजात म्हणाला. "ह्ये जाकीट शिवायला टाकलं होतं. पथकासोबत फोटो निघणार, म्हणलं सेक्रेटरी दिसला पाहिजे. बस्ता तर मी हात पण न्हाई लावला. झेरॉक्स एक पण न्हाई. घरी कुणाला सांगू नको, जाकिटाचा खर्चा समितीच्या नावावर हाये."

बेबीनंदा बाहेर आली. झेरॉक्स नाहीत, म्हणजे अस्सल हेच सगळं. आणि बस्ता पाचपर्यंत होता ही गोष्ट खोटी, म्हणजे तो दोननंतर कधीही गेला असेल, लाईट नव्हती आणि सगळं पंचायत ऑफिस लिंबाखाली झोपलं होतं तेव्हा. दुसरी किल्ली ज्याच्याकडे होती, त्याचं घर समोरच होतं.

३

अण्णासाहेबांच्या बैठकीत बसायला जागा कमी आणि सन्मान जास्त. एका भिंतीला शाली, दुसरीला स्मृतिचिन्हं, कोपऱ्यात नारळांचा ढीग. आठवड्याला त्यांचे तीन सत्कार ठरलेले, त्यातले दोन त्यांनीच ठरवलेले.

"काल दुपारी कुठं होतात?"

"इथंच. भाषण पाठ करून राह्यलो होतो. 'आता देवधर्म बाजूला, विज्ञान समोर.' परवाच्या सभेत म्हणलं तेच, पण आता पथकासमोर."

परवाची सभा बेबीनंदाला आठवत होती. त्याच भाषणाच्या भरात अण्णासाहेबांनी पंचायतीच्या दारावरची लिंबू-मिरची स्वतःच्या हातानं तोडून फेकली होती. मिरची नेमकी राधेश्यामच्या डोळ्याला लागली, टाळ्या मात्र जोरात पडल्या.

खोलीत उकाडा मरणाचा होता. लाईट असूनही कूलर बंद.

"कूलर का बंद?"

"बिघडलाय."

"बघू का? आत काय अडकलं असंल तर..." ती पकड काढून उठली.

"नको!" अण्णासाहेब कूलरसमोर आडवे झाले. "म्हंजे... शॉक बसंल."

"मला?" बेबीनंदा म्हणाली.

अण्णासाहेबांनी टेबलावरची ताटली पुढे केली. त्यात नारळाची अर्धी वाटी होती, ओली, पांढरीशुभ्र. "खोबरं खा. सत्काराचा नारळ. काय करता, लोक ऐकत न्हाईत."

तिनं एक तुकडा घेतला आणि निघाली. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. अंधारात वायर शोधताना होतं तसं झालं.

४

उरला एकच माणूस, ज्याला ठराव गायब होणं सोयीचं होतं. शेजारच्या भोंडेगावचे रामराव गुरुजी. संस्था आपल्या माळावर व्हावी म्हणून ते एकटे सहा महिने भांडले होते. शेवटी संस्थेचा रस्ता भोंडेगावातूनच जाणार असं ठरलं तेव्हा सगळ्यात शेवटी ठराव दिला, तोही बेबीनंदा त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणून.

गुरुजी पडवीत पेपर वाचत होते. तिला बघून त्यांनी पेपर आणखी वर धरला.

"जय भीम, गुरुजी."

"जय भीम. बैस. पण समितीचं काम असंल तर बसू नको."

"ठराव चोरीला गेलेत."

"चोरीला?" पेपर खाली आला. गुरुजी विचित्र हसले. "छान. चांगलं नाव दिलं त्याला. बेबीनंदा, तू माझ्या हाताखाली शिकली. तुला एक विचारतो. एखाद्यानं मनापासून दिलेली वस्तू नको असली, तर तोंडावर फेकायची असती का?"

"कुणी फेकली?"

"तुझ्या अध्यक्षाला विचार. मला काय न्हाई बोलायचं. तुमची संस्था तुम्हाला लखलाभ."

टेबलावर चष्म्याखाली एक लांब पाकीट उलटं पडलं होतं, कोपऱ्याला हळदीचं बोट. लग्नसराईचे दिवस, घरोघरी अशी पाकिटं पडलेली. बेबीनंदानं त्याच्याकडे नीट पाहिलं नाही आणि ही तिची आजची एकमेव चूक.

परत फिरताना नऊ वाजून गेले होते. दोन तास राहिले होते, हातात एक जॅकेट, एक बंद कूलर आणि एक रुसलेले गुरुजी एवढंच. वाटेत थांबून फोन पाहिला, अर्पिताचा मेसेज आला होता, 'सगळं ठीक ना?' तिनं उत्तर लिहिलं, 'ठीक.' मग मोटारसायकलला अशी किक मारली की किकच हातात आली.

५

गाडी बंद पडली ती खडकाई देवीच्या देवळासमोर. बेबीनंदा देवळात जात नसे. तिच्या घरी आजोबांपासून नारळ, नैवेद्य सगळं बंद होतं. पण गुरवीण सगुणाबाईशी तिची जुनी दोस्ती होती, कारण देवळाचा बल्ब तीच बदलायची.

सगुणाबाई पायरीवर बसून उन्हात खोबऱ्याच्या वाट्या वाळत घालत होती. चटईवर पन्नास-साठ वाट्या, पालथ्या, ओळीनं.

"बेबे, इकडं ये. डोळ्याला दिसंना, बघ कावळा बसला का कुठं."

"कावळा न्हाई, काकू. एवढ्या वाट्या कुठून?"

"कुठून म्हंजे? भक्त अख्खा नारळ आणतो. मी फोडते. अर्धा त्याला परत, अर्धा देवीचा, म्हंजे माझा. तुमच्यात न्हाई ना ही पद्धत, म्हणून तुला माहीत न्हाई."

बेबीनंदा वाटीकडे बघत राहिली. आणि ती वायर हाताला लागली.

सत्कारात नारळ देतात तो अख्खा असतो. शेंडीसकट. अण्णासाहेबांच्या कोपऱ्यातला ढीगही अख्ख्यांचाच होता. ताटलीत मात्र एकच वाटी होती आणि दुसरी घरात कुठं दिसली नव्हती. घरी फोडला असता तर दोन्ही वाट्या घरात असत्या. अर्धा नारळ माणसाकडे एकाच ठिकाणाहून येतो.

"काकू, काल दुपारी अण्णासाहेब आल्ते का इथं?"

सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी न्हाई सांगत. त्यांनी शपथ घातलीय."

"म्हंजे आल्ते. आणि लाल बस्ता आणला होता."

"आता तूच बोललीस, मी न्हाई!" मग तिला राहवेना. "मागच्या दारानं आले. म्हणले, सगुणाबाई, संस्थेचे कागद हायेत, देवीच्या पायावर घाला, पण कुणाला कळू देऊ नका, मी विज्ञानवादी हाये. मी बस्ता सोडला, एकेक पाकिटाला हळद-कुंकू लावलं, परत बांधला. घटकाभर देवीपुढं ठेवला."

"आणि घरी नेऊन सोडला का त्यांनी?"

"कसा सोडतील? देवीपुढून उचललेलं बांधलेलं गाठोडं दुसऱ्या दिवसापर्यंत सोडत न्हाईत."

"काकू, काल देवीपुढं आणखी कुणाचं गाठोडं होतं?"

"मालनबाईचं की. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका. गावागावाचे गठ्ठे करून लाल कपड्यात बांधून आणल्ते, पहिला मान देवीला म्हणून."

"लाल कपडा राधेश्यामच्या दुकानातला?"

"दुसरा कुठं मिळतो?"

बेबीनंदानं सगुणाबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्हीत मोतीबिंदू, दुधासारखा पांढरा.

"काकू, कुणाला कोणतं गाठोडं दिलं, हे तुम्ही कशावरून ओळखलं?"

सगुणाबाई चटईवरच्या वाट्या चाचपत राहिली. एक कावळा आला, वाटी घेऊन गेला, तरी तिला कळलं नाही.

६

पत्रिका वाटायची या भागातली पद्धत सोपी. दुधाची गाडी रोज पहाटे सगळ्या गावांच्या डेअरीवर जाते. गठ्ठा तिच्यात टाकायचा, ड्रायव्हर ज्या गावचं त्या गावात टाकतो. ड्रायव्हर हरिओम आता डेअरीपाशी कॅन धूत होता.

"हरिओम, मालनबाईचं गाठोडं?"

"वाटलं की! तिनं बांधलेलंच दिल्तं, मीच सोडलं. एकोणीसच्या एकोणीस गावांत. पाकिटाला हळद, वर गावाचं नाव. नाव बघायचं, टाकायचं. एक दोघं म्हणले, लय लांब पत्रिका हाये राव, मोठं लग्न दिसतं."

बेबीनंदा कॅनवर बसली. तिला हसू यायला लागलं, थांबेना. चार महिने वणवण करून तिनं जे गोळा केलं होतं, ते हरिओमनं एका सकाळी ज्याचं त्याला घरपोच परत केलं होतं. भोंडेगावचा ठराव भोंडेगावात, डेअरीवरून थेट गुरुजींच्या हातात. गुरुजींच्या चष्म्याखालचं पाकीट तेच होतं. काही कारण न देता परत आलेला स्वतःच्या गावचा ठराव बघून त्यांना काय वाटलं असेल! तोंडावर फेकला, असंच वाटणार.

आणि अण्णासाहेबांनी सकाळी बस्ता सोडला तेव्हा आत मालनबाईच्या पोरीचं लग्न निघालं. खरं सांगावं तर देवळात गेलो हे कळणार. म्हणून पत्रिका लपवल्या आणि चोरी ओरडून मोकळे झाले. लपवल्या कुठं, तेही आता उघड होतं.

नऊ पस्तीस. तिनं फोन लावला.

"अण्णासाहेब, तुमचा कूलर दुरुस्त झाला. आतल्या पत्रिका काढा आणि पंचायतीत आणा. मालनबाई आता शोधत येतीच."

पलीकडून कूलरची जाळी निघाल्याचा आवाज आला. "बाई... कुणाला सांगणार तर न्हाई ना?"

"सकाळी सगळ्या गावासमोर माझ्यावर संशय घेतलात. तुम्हीच ठरवा, कुणी सांगायचं."

एकोणीस गावं फिरायला एका गाडीला दिवस लागला असता. हरिओम म्हणाला, "जमायचं न्हाई बाई, बिलकुल न्हाई." बेबीनंदानं ते ऐकलंच नाही. तिच्याकडे प्रत्येक गावात कुणाचा तरी नंबर होता, कारण प्रत्येक गावात कधी ना कधी कुणाची तरी लाईट गेली होती. ती डेअरीच्या पायरीवर बसली आणि एकेक लावत गेली.

"सकाळी डेअरीवर लांब पाकीट आलंय का? ती पत्रिका न्हाई, आपला ठराव हाये. पाठवू नका कुणासोबत. स्वतः घेऊन या. अकराला, खडकटाकळीत. जल्दी."

"काम चाललंय बाई..."

"मागच्या पावसाळ्यात तुमचा मोटारपंप जळला, तेव्हा मी ताट तसंच टाकून आल्ते."

तिकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा.

अठरा गावं झाली. गुरुजी फोन उचलेनात. तिनं बोलून मेसेज पाठवला. "गुरुजी, पाकीट कुणी परत न्हाई पाठवलं. देवीनं पाठवलं समजा, न्हाईतर मोतीबिंदूनं. चूक आमच्याकडची हाये. पण तुमच्याशिवाय अठरा होतात, आणि अर्जात एकोणीस लिहिलेत."

मेसेज ऐकल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

७

अकराला पथक आलं. दोन साहेब आणि एक मॅडम, पांढऱ्या केसांच्या, मोठ्या शास्त्रज्ञ. मॅडमनी खुर्चीवर बसताच विचारलं, "अस्सल ठराव?"

"आधी सत्कार!" अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी वेळ काढायला जे जे हाताशी होतं ते वापरलं. तीन शाली, तीन अख्खे नारळ, प्रास्ताविक, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक. राधेश्याम जॅकेटात वितळत फोटोच्या मध्ये उभा होता. सव्वाअकराला लाईट गेली. माईक मेला. पंखे थांबले.

"हे रोजचं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"रोजचं," बेबीनंदा मागून म्हणाली. "म्हणून तर बोलावलंय तुम्हाला."

मॅडम वळून तिच्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात बाहेर पहिली मोटारसायकल थांबली. मग टमटम. मग एक ट्रॅक्टर, त्यावर सात माणसं. कुणी शेतातून, कुणी दुकान तसंच टाकून आलेले. एकेक माणूस आत यायचा, आपल्या गावाचं नाव मोठ्यानं सांगायचा आणि लांब पाकीट टेबलावर ठेवायचा. टेबल भरत गेलं. अठरा झाली आणि दार रिकामं झालं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "अर्जात एकोणीस आहेत."

बेबीनंदा दाराकडे बघत राहिली.

बाहेर एक जुनी स्कूटर खूप धूर सोडत थांबली. रामराव गुरुजी आत आले, इस्त्रीच्या धोतरात. म्हणजे उशीर इस्त्रीमुळे झाला होता, आणि लाईट गेल्यावर ती त्यांनी कोळशाची केली असणार. पाकीट टेबलावर ठेवून ते म्हणाले, "भोंडेगाव. आणि हे पाकीट आता परत येता कामा नये."

मॅडमनी पाकिटं हातात घेतली. एकेक उघडलं, शिक्के पाहिले. मग बोट नाकाजवळ नेलं. "सगळ्यांना हळद-कुंकू कसं?"

सगळ्यांच्या नजरा बेबीनंदाकडे. तिनं अण्णासाहेबांकडे पाहिलं, आणि नुसतीच वाट पाहिली.

अण्णासाहेबांनी खिशातलं भाषण काढलं, पुन्हा ठेवलं. "मी लावलं," ते म्हणाले. "म्हंजे मी देवळात नेले. चोरून. विज्ञानाची भाषणं करतो, पण काल भीती वाटली. कागदांची अदलाबदल माझ्यामुळं झाली. बाईंनी एकोणीस खरेच आणल्ते, सगळ्यांसमोर सांगतो. आता तुम्ही आम्हाला अडाणी म्हणा, पण गावाला बाद करू नका."

मॅडम एकदम हसल्या.

"अहो, आमच्या प्रयोगशाळेत नवं मशीन आलं की आधी नारळ फुटतो. मोठमोठे शास्त्रज्ञ रांगेत उभे असतात. मग उरलेला अर्धा कुणी न्यायचा, यावरून भांडणं." त्यांनी एकोणीसही पाकिटं नीट लावली आणि आपल्या पिशवीत घातली. "ठराव मिळाले. गाव यादीत आहे. पुढचं आमच्या कार्यालयात ठरेल."

अण्णासाहेबांनी भाषणाचा कागद पुन्हा काढला आणि त्यानं वारा घ्यायला लागले. "मंग मी एवढा भ्यालो कशाला?" ते स्वतःशीच म्हणाले.

दारात मालनबाई उभी होती, कमरेवर हात ठेवून. "माझ्या पत्रिका कुठं? आठ दिवसांवर लग्न आलंय!" अण्णासाहेबांनी टेबलाखालचा लाल बस्ता मुकाट्यानं पुढे केला. बेबीनंदानं तो सोडला आणि आलेल्या एकोणीस माणसांच्या हातात ज्याच्या त्याच्या गावचा गठ्ठा दिला. रिकाम्या हातानं कुणीच परत गेलं नाही. मॅडमनीही एक पत्रिका मागून घेतली आणि जेवणाची वेळ विचारली.

गाडीत बसताना मॅडमसमोर सगुणाबाई काठी टेकत आली. तिच्या हातात एक वाटी होती, कालचीच, जराशी सुकलेली.

"मॅडम, ह्यो देवीचा अर्धा," बेबीनंदा म्हणाली. "दुसरा अध्यक्षांनी खाल्ला. तुमच्याकडं भांडण नको म्हणून."

मॅडमनी वाटी घेतली. गाडी निघाली. धूळ बसल्यावर बेबीनंदानं फोन काढला आणि अर्पिताच्या सकाळच्या मेसेजखाली लिहिलं, 'आता खरंच ठीक.' मग पकडींचा पट्टा सावरून ती डीपीकडे निघाली. लाईट अजून आली नव्हती.